पाहुणे येणार आहेत, यांना गप्प कसं बसवू?

ताई, नमस्कार.

माझे मिस्टर बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत. स्वभावाने चांगले, व्यसन नाही, पगार हातात आणून देतात. तक्रार एकच. घरी आले, हात-पाय धुऊन ताटावर बसले, की 'आज काय झालं माहितीय का' सुरू. लग्न झालं तेव्हा मला मजा वाटायची. आता सगळे किस्से तोंडपाठ झालेत, आणि दर वेळी ते वाढत जातात. एका आजोबांनी घंटीच्या दोरीला पिशवी अडकवली होती, तो किस्सा तर आमच्या अख्ख्या मजल्याला पाठ आहे. आधी त्या पिशवीत मेथी होती, आता नारळ आहेत.

मुलगा बारावीला आहे. त्याचे मित्र घरी आले तरी हे सुरूच. गिअर टाकून दाखवतात, तोंडाने हॉर्न वाजवतात. मुलगा माझ्यावर चिडतो. 'बाबा ड्रायव्हर आहेत हे सगळ्यांना कळायलाच हवं का?' म्हणतो. आता पुढच्या महिन्यात मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. मुलगा आयटीत, वडील बँकेतून रिटायर झालेले. माझी जाऊ म्हणते, भाऊजींना त्या दिवशी ड्युटी लावून घ्यायला सांग, नाहीतर पाहुणे असेपर्यंत तोंड उघडू नका म्हणावं. सांगू का मी तसं? त्यांना वाईट वाटेल का?

– काळाचौकीची एक वाचक

नमस्कार.

तुमचं पत्र मूळ चार पानांचं आहे. जागा कमी म्हणून मी ते छाटलं, आणि छाटलं ते सगळे किस्सेच होते. चारातली अडीच पानं किस्से! तेसुद्धा असे रंगवून लिहिलेत की मी ऑफिसात एकटी हसत बसले आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी डोळे वर करून पाहिलं. कंटाळलेली बाई असं लिहीत नाही. तेव्हा 'मला आता नको झालंय' हे तुमचं वाक्य मी बाजूला ठेवते.

उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, सांगू नका. आणि ड्युटी लावून घेण्याची कल्पना तर मुळीच नको. मुलीला बघायला पाहुणे आलेत आणि बाप कामावर, हे कुठल्याही घरात बरं दिसत नाही. पाहुण्यांना वाटेल की घरात काहीतरी लपवण्यासारखं आहे, आणि मग ते काय असेल याचा अंदाज ते परतीच्या वाटेवर बांधत बसतील.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. बसमध्ये पुढच्या बाजूला एक पाटी असते, 'बस चालू असताना चालकाशी बोलू नये.' आपण ती वर्षानुवर्षं वाचतो आणि सोडून देतो. पण त्या पाटीच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा दिवस कसा जातो ते बघा. त्याच्या पाठीमागे साठ-सत्तर माणसं. कुणाचं भांडण चाललंय, कुणी फोनवर जमिनीचा सौदा करतंय, कुणाचं पोर पेंगतंय. हे सगळं त्याला ऐकू येतं, निम्मं आरशात दिसतं. बोलायचं मात्र नाही. कंडक्टरचं तसं नसतं, त्याचं तोंड दिवसभर चालू. 'पुढे चला, पुढे जागा आहे' म्हणता म्हणता तो चार माणसांशी हुज्जत घालतो, दोघांशी हसतो, आणि मोकळा होऊन घरी जातो. रोज त्याच गाडीने जाणारे लोक कंडक्टरला नावाने ओळखतात. ड्रायव्हरची फार तर मान ओळखतात. आठ तास तोंड मिटून बसलेला माणूस रात्री ताटावर बसला की बोलणारच हो.

मी लहानपणी परळच्या चाळीत वाढले. आमच्याकडे दोन ड्रायव्हर होते, एक तळमजल्यावर, एक आमच्या शेजारी. शेजारचे काका तुमच्या मिस्टरांच्या जातकुळीचे. त्यांच्या डोक्यात घंटी इतकी बसली होती की गणपतीच्या आरतीत आम्ही पोरं घंटा बडवायला लागलो की ते मधेच ओरडायचे, 'एक मारा नाहीतर दोन मारा, काय ते ठरवा!' एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, आणि आम्ही तर सलग बडवत असायचो. तळमजल्यावरचे काका मात्र घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवायला उठवलं तर जेवायचे, परत आडवे. त्यांची बायको माझ्या आईकडे यायची आणि म्हणायची, 'वहिनी, तुमच्या शेजारच्यांना सांगा ना, आमच्या ह्यांना जरा बोलतं करा.' तुमच्याकडे जे फुकट आहे ते ती माउली शेजाऱ्याकडे मागत होती.

पिशवीचा किस्सा मात्र वाचकांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, तुमची परवानगी गृहीत धरते. पावसाळ्याचे दिवस, आंबेडकर रोड, लालबागकडून गाडी परळच्या दिशेने निघालेली. गाडी खच्चून भरलेली. एक आजोबा चढले, बसायला जागा नाही, हातात पिशवी जड, तेव्हा त्यांनी छताखालून जाणाऱ्या दोरीला पिशवीचा बंद अडकवला आणि निवांत झाले. पुढे खड्डा. टण्! घंटी वाजली म्हणून मिस्टरांनी स्टॉप बघून गाडी उभी केली. कुणी उतरेना. मागे गर्दीत अडकलेल्या कंडक्टरला वाटलं, ड्रायव्हरने कुणासाठी तरी थांबवली असेल. त्याने दोन मारल्या. गाडी निघाली. पुढे परत खड्डा. परत टण्. मग लागोपाठ दोन खड्डे आले आणि टण् टण्. मिस्टर केबिनमधून ओरडले, 'अरे चाललोच आहे ना मी!' शेवटी परळला कंडक्टर गर्दीतून वाट काढत पुढे आला. हा म्हणतो, 'तू सारखी गाडी का थांबवतोस?' तो म्हणतो, 'तू सारखी घंटी का मारतोस?' दोघांची जुंपलेली असताना ते आजोबा शांतपणे म्हणाले, 'हल्लीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचं एकमेकांशी पटतच नाही,' दोरीवरची पिशवी काढली आणि उतरून गेले.

यात तुमची तक्रार अशी की मेथीचे नारळ झाले. बाई, मेथीच्या जुडीने दोरी ओढली जाईल का? नारळच असणार. पहिल्यांदा सांगताना त्यांच्याकडून चुकून मेथी निघून गेली असेल. पण थट्टा बाजूला ठेवली तरी, किस्सा वाढतो म्हणून माणूस खोटारडा ठरत नाही. कंडक्टर मागे राहून गाडी पुढे निघून गेल्याचा किस्सा घ्या. ट्रॅफिक मोकळं करायला कंडक्टर खाली उतरतो, मागचा एखादा आगाऊ पॅसेंजर दोन घंट्या मारतो आणि गाडी सुटते. हा किस्सा मी मुंबईत ऐकलाय, पुण्यात ऐकलाय, एसटीवाल्यांकडूनही ऐकलाय. मुंबईत कंडक्टर टॅक्सी करून येतो, पुण्यात रिक्षाने, आणि एसटीचा असेल तर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून. सांगणारा प्रत्येक जण म्हणतो, माझ्याच गाडीवर झालं. कुणाच्या तरी गाडीवर झालं असेलच. बाकीच्यांनी ते वारसाहक्काने घेतलं.

मुलाच्या बाबतीत मी अर्धी त्याच्या बाजूची आहे. बारावीच्या मुलाच्या मित्रांसमोर बापाने तोंडाने हॉर्न वाजवायचा म्हणजे त्या मुलाला जमीन दुभंगली तर बरं असं वाटणारच. बाप कलेक्टर असता तरी वाटलं असतं. तेव्हा मिस्टरांना एवढं जरूर सांगा की पोरांचे मित्र आले की नमस्कार-चमत्कार झाल्यावर आतल्या खोलीत जायचं. मित्रांनी स्वतःहून विचारलं तर बाहेर यायचं. आणि तुम्ही बघाच, ते विचारतील.

'ड्रायव्हर आहेत हे कळायलाच हवं का' या वाक्याचं मात्र वेगळं आहे. त्यावर मुलाला लेक्चर देऊ नका. या वयात लेक्चर उलटं बसतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याला बाबांच्या गाडीत बसवा, एक जाऊन-येऊन फेरी. फोन खिशात, तिकीट काढून, बाकीच्या पॅसेंजरांसारखा. हिंदमात्याला पाणी भरलं की गाडी पुलावरून न्यावी लागते. तेव्हा एखादे आजोबा हटून बसतात, 'मी तिकीट हिंदमात्याचं काढलंय, मला हिंदमात्यालाच उतरायचंय.' 'आजोबा, खाली कमरेएवढं पाणी आहे.' 'मला माहितीय. माझं घर तिथंच आहे.' हे आपल्या बापाने मागे न वळता, आवाज न चढवता कसं निभावलं, ते त्या मुलाने एकदा स्वतः बघू दे. त्याने पाहिलंच नाही म्हणून त्याला त्यात नुसतं स्टिअरिंग दिसतंय.

आता पाहुणे. मला खरं सांगा, तुमची भीती किस्स्यांची आहे की 'ड्रायव्हर' या शब्दाची? जाऊबाईंचं बोलणं वाचून मला दुसरं वाटतंय. बँकेतला माणूस म्हणजे मोठा, आपण म्हणजे लहान, असा हिशोब घरात आधीच मांडला गेलाय. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस निघाली. तेव्हापासून या शहरातल्या बँकवाल्यांना वेळेवर बँकेत कोण पोचवत आलंय? ते गृहस्थ नोकरीत असताना शर्टाच्या खिशात पास ठेवून लेडीज सीटकडे आशेने बघत उभे राहिले नसतील, असं मला तरी वाटत नाही. त्यांना ड्रायव्हरचं वावडं असेल तर ते त्याच दिवशी कळलेलं बरं. लग्न ठरवताना तोंड मिटून ठेवलं तर बारशापर्यंत मिटूनच ठेवावं लागतं, आणि तुमच्या मिस्टरांना ते झेपणारं नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

तेव्हा पोहे बाहेर येण्याआधीच त्यांनी स्वतः सांगावं, 'मी बेस्टमध्ये ड्रायव्हर आहे.' साधं, एका वाक्यात. मध्यस्थाने 'बेस्टमध्ये आहेत' असं मोघम सांगून ठेवलं असेल तर हे आणखीनच गरजेचं.

किस्से किती? एक. फार तर दीड. पिशवीचाच सांगू द्या, कारण त्यात हसं झालं तर त्यांचं स्वतःचंच होतं. पाहुण्यांसमोर असाच किस्सा बरा. तुम्ही लिहिलेला सायनच्या बाईंचाही चालेल. भर ट्रॅफिकमध्ये हात दाखवून गाडी थांबवली, दारातून डोकं आत घालून हॉस्पिटलला कुठली बस जाते, किती वेळाने येते, त्यात गर्दी असते का, असं सगळं विचारून घेतलं, आणि मग 'बरं, जा तुम्ही' म्हणून गाडीला निघायची परवानगी दिली. यातला 'जा तुम्ही' मिस्टर कसा म्हणत असतील ते मला इथे बसून ऐकू येतंय. गणपतीचा किस्साही छान आहे. मांडीवर रुमाल झाकलेला बाप्पा घेऊन एक जण बसलाय आणि अख्खी गाडी ड्रायव्हरला सांगतेय, 'हळू हो, बाप्पा आहेत,' आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला 'मोरया'चा गजर. पण तो लांबतो, त्यात चहा गार होईल.

आता काय सांगू नये. दारुड्याचे किस्से नकोत, कितीही हसू येत असलं तरी. गाडीत कुणाला उलटी झाली तो पोहे खाताना नको, हे तुम्ही त्यांना आधी तीनदा बजावलं असेल, चौथ्यांदा बजावा. आणि तो कॉलेजच्या मुला-मुलीचा, जे वेगवेगळ्या स्टॉपवर चढतात, ओळख नसल्यासारखे उभे राहतात आणि पुढे जाऊन एकाच स्टॉपवर उतरतात, तो तर कुठेच सांगू नका म्हणावं. किस्सा गोड आहे, पण ती पोरं कुणाची तरी आहेत, आणि मुंबई आपल्याला वाटते तेवढी मोठी नाही. न जाणो, समोरच्या सोफ्यावर त्या मुलीची मावशी बसलेली असेल. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर ड्रायव्हर दिसला नाही म्हणून घाबरून खाली उतरलेल्या माणसाचा विनोदही नको. मुंबईत डबलडेकर १९३७ला आली, तो विनोदही बहुतेक तिच्यातूनच आला असावा. जुन्या डिझेलच्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ला रस्त्यावरून गेल्या, विनोद अजून रिटायर व्हायचं नाव घेत नाही.

तुमचे मिस्टर सुरू होतात यात मला काही गैर वाटत नाही. अडचण आहे ती त्यांच्या थांबण्याची. पत्रात तुम्हीच लिहिलंय की एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो. तर आधी बसून दोघांत खूण ठरवा. तुम्ही कपावर चमचा एकदा वाजवलात की थांबायचं, दोनदा वाजवलात की चालू द्या. हे त्यांना समजावून सांगायला तुम्हाला अर्धा मिनिटही लागणार नाही. इतकी वर्षं ते हेच करतायत.

आणि एक काम त्यांच्यावर सोपवा. स्वतःचा किस्सा संपला की बँकवाल्यांना विचारायचं, 'तुमच्याकडे काउंटरला काय काय माणसं येत असतील नाही?' मग बघा. पासबुक भरायला रोज येणारे आजोबा, 'व्याज कमी का आलं' म्हणून भांडणाऱ्या बाई, सही जुळत नाही म्हणून आपल्याच सहीवर चिडलेला माणूस. बँकेतल्या माणसाच्या पोटातही किस्से असतातच, फक्त त्याला कुणी विचारत नाही. तुमच्या मिस्टरांना आठ तास ऐकायची सवय आहे. समोरच्याचं शांतपणे ऐकून घेणारा व्याही कुणाला नको असतो?

एक गोष्ट मात्र मला खटकली. चार पानांत मिस्टर आहेत, मुलगा आहे, जाऊबाई आहेत, चाळीचा मजला आहे, पिशवीतले नारळसुद्धा आहेत. जिला बघायला येणार ती मुलगी फक्त एका वाक्यात आहे. तिला बाबांचे किस्से आवडतात का? बाबांनी बोलावं असं तिला वाटतं का? ती मुलाशी बोलली असेल, हल्ली मुलं आधी फोनवर बोलून घेतात, तर तिने बाबांचं काम त्याला केव्हाच सांगितलंही असेल. कदाचित पिशवीचा किस्साही सांगून झाला असेल आणि तो मुलगा तुमच्या मिस्टरांच्या तोंडून तो ऐकायलाच येत असेल. जाऊबाईंचा सल्ला घेण्याआधी, मला पत्र लिहिण्याआधी, तिला विचारायला हवं होतं. आज रात्रीच विचारा. ती म्हणाली की 'बाबांनी त्या दिवशी कमी बोलावं', तर ते तिनेच बाबांना सांगू दे. मुलीच्या तोंडून आलेलं बापाला लागत नाही, बायकोच्या तोंडून आलेलं लागतं.

पाहुण्यांना रविवारी बोलवत असाल तर मिस्टरांची साप्ताहिक सुट्टी कधी येते ते आधी बघा. ड्युटी बदलून घ्यायची असेल तर आगारात वेळेत सांगावं लागतं, आदल्या दिवशी धावपळ नको. आणि त्या दिवशी त्यांना पहिल्या पाळीला तर पाठवूच नका. पहाटे तीनला उठलेला माणूस संध्याकाळी पाहुण्यांसमोर किस्सा सांगता सांगता पेंगायला लागेल.

शेवटी एक विनंती. तुमच्या चौथ्या पानाच्या तळाशी, सहीच्या वर, कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, 'आणि त्या कोंबडीचं तर विचारूच नका.' मी विचारतेय. सविस्तर कळवा.